तलावावरची एकोणतीस मिनिटं

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजता भोपाळच्या अयोध्या नगरात, गेंदाबाई रायकवार यांच्या घरी, एक माहितीपट दाखवण्यात आला. तो एकोणतीस मिनिटांचा आहे. ज्या तलावावर तो चित्रित झाला, त्या तलावाकाठच्या कोणी तो पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. चित्रीकरणाला तीस वर्षं झाली होती. चित्रण श्रीधर मुजुमदार यांचं आहे, निवेदन माझं.

शाहपुरा, गुरुवार

मुजुमदारकाका अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात छायाचित्रकार होते. माझे वडील तिथेच इंजिनिअर. कारखान्याच्या वसाहतीत आमची दोन क्वार्टर्स शेजारी होती, मध्ये मेंदीचं कुंपण. कुंपणात एक भोक होतं आणि दोन्ही घरांचा व्यवहार त्यातून चाले: विरजण, वर्तमानपत्र, इस्त्री. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. वडील पुण्याला आले, काका शाहपुऱ्यात फ्लॅट घेऊन राहिले. आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे डाव्या डोळ्याने दिसत नाही.

त्यांनी मला बोलावलं होतं ते सहीसाठी. मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. ही कंपनी पर्यावरणावरचे माहितीपट इंटरनेटवर दाखवते. वर्गणीदारांनाच ते दिसतात. काकांचा माहितीपट त्यांना हवा होता. जुन्या टेपवर बुरशी चढली आहे, चित्रावर आडव्या रेघा येतात. कंपनी त्या साफ करणार होती, रंग सुधारणार होती, खाली इंग्रजी भाषांतर देणार होती. अट अशी की, त्यानंतर माहितीपट दुसरीकडे कुठेही दाखवायचा नाही, फुकटसुद्धा नाही. सह्या तीन हव्या होत्या: चित्रण करणाऱ्याची, निवेदन करणाऱ्याची आणि पडद्यावर ओळखू येणाऱ्या एका माणसाची किंवा त्याच्या घरच्यांची.

नोकरीत काकांनी हजारो फोटो काढले. टर्बाइन, मंत्री, फीत कापणारे हात. ते सगळे कारखान्याचे. स्वतःचा असा हा एकच माहितीपट त्यांनी केला: रविवारी, सुटीत, उसन्या कॅमेऱ्यावर, वसाहतीच्या मागच्या तलावाबद्दल.

सकाळी काकूंनी पोहे केले होते. भोपाळात पोह्यांवर शेव पडते आणि शेजारी जिलेबी येते. पुण्यात गोड आणि तिखट एका बशीत मांडलं तर लोक विचारतात.

"सेव टाकू वरून?" काकूंनी विचारलं.

"बस, काकू."

"बस काय बस? पतली झालीस नुसती. पुण्याहून इथे उपास करायला आलीस का?"

काका मूळचे सांगलीचे, काकू उज्जैनच्या. "टाकू वरून नाही गं, वर घालू," काका म्हणाले. "पन्नास वर्षं सांगतोय हिला."

"आणि पन्नास वर्षं खाऊन राहिलेत ना? खा चुपचाप."

मग पत्राचा विषय निघाला. काकूंचं मत सरळ होतं. "नेटवर टाकून द्या. ज्याला बघायचा तो बघेल. तलावाची गोष्ट आहे, पैठणी आहे का विकायला?"

"फुकट दिलं की लोक बघत नाहीत," काका म्हणाले. "गणपतीत क्लबच्या हॉलमध्ये फुकटच दाखवला होता. वसुधा, तुझ्या बाबांसकट एकोणीस माणसं. त्यातली निम्मी आरतीची वाट बघत होती."

"आणि वर्गणी भरून कोण बघेल? कॅनडातला माणूस तुमचा तलाव बघेल?"

"बघेल. पैसे भरलेला माणूस शेवटपर्यंत बसतो."

"नाहीतर अर्ध्यात झोपतो. पैसे भरून नाटकात तुम्ही झोपलात की नाही?"

काका मला म्हणाले, "साफ झाला तर मला तो एकदा नीट बघायचाय. उजवा डोळा आहे तोवर."

मी मत दिलं नाही. पर्यावरणाची माहिती सगळ्यांना फुकट मिळावी, असं लिहिणारे माझ्या व्यवसायात, पत्रकारितेत, पुष्कळ आहेत. ती जमवायला माणूस सहा महिने फिरतो, हेही त्यांना माहीत असतं. मी दोन्ही बाजू छापलेल्या आहेत. माझ्या सहीची जागा त्या दिवशी मी रिकामी ठेवली.

वसाहत, शुक्रवार

काकांना तलावाची जागा दाखवायची होती. रिक्षावाल्याला ते जुन्या खुणा सांगत होते: पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, मग मोठ्या चिंचेपाशी उजवीकडे. चिंच राहिलेली नाही. आम्ही दोनदा त्याच दवाखान्यासमोर आलो. तिसऱ्यांदा रिक्षावाला म्हणाला, "दादा, पेड़ का पता मत बताओ, कोई नंबर बताओ." काकांनी आमच्या जुन्या क्वार्टरचा नंबर सांगितला. तो त्यांना पाठ होता, आणि मलाही.

क्वार्टरला कुलूप होतं. भिंतीचा पिवळा रंग तोच, खिडकीखाली पावसाने आलेली काळी पट्टी तीच. मेंदी तोडून तिथे विटांची भिंत घातली आहे. या रस्त्यावर सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की घरोघरची फाटकं एकदम वाजत आणि पाच मिनिटं नुसत्या सायकली जात. दुसरा भोंगा झाला की रस्ता बायकांचा आणि गायींचा. कोणाच्या घरी काय शिजतंय ते कुंपणावरून कळे: अमक्याकडे मोहरीचं तेल, तमक्याकडे सांबार, आमच्याकडे गोडा मसाला. दिवाळीत सगळ्यांच्या ताटात सगळ्यांचं असे. काकांनी फाटकाची कडी उघडली, पुन्हा लावली आणि आम्ही पुढे गेलो.

वसाहतीच्या फाटकाबाहेरच्या कोपऱ्यावर शिंगाडे विकायला होते. हिरवे कच्चे एका टोपलीत, उकडून काळे झालेले दुसऱ्या. पुण्यात शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ; ते फळ आहे, पाण्यात येतं, त्याला काटे असतात, हे तिथे सांगावं लागतं. आम्ही उकडलेले घेतले. दातांनी साल फोडायची, आत करडा गर, वर हिरवी चटणी. काकांनी सहा खाल्ले आणि काकूंना सांगू नकोस म्हणाले.

तलावाच्या जागी आता प्लॉट आहेत. एका कडेला पाण्याची अरुंद पट्टी उरली आहे, तिच्यावर बगळे होते. काकांनी हाताने काठ दाखवला: इथून तिथपर्यंत पाणी, तिकडे बाभळी, इथे ते कॅमेरा लावायचे. जानेवारीत बदकं येत. जानेवारी ते जून त्यांनी चित्रण केलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, निवेदन लिहून वाचलं ते मीच. त्या निवेदनाचा आमच्या घरी बराच अभिमान होता. वडिलांनी ते टाइप करून ठेवलं होतं.

"गेंदाबाईला मी म्हटलं होतं, तुम्हाला दाखवीन," काका म्हणाले. "राहूनच गेलं. हॉल वसाहतीतला, निवेदन मराठी. म्हटलं, तिला काय कळणार."

गेंदाबाई आणि त्यांचे पती हल्केराम तेव्हा त्या काठावर राहत. तिसरी सही गेंदाबाईंची हवी होती. काकांनी शाहपुऱ्याच्या भाजीबाजारात विचारत विचारत त्यांचा पत्ता काढला होता.

अयोध्या नगर, शनिवार

गेंदाबाई आता पासष्टीच्या आहेत. मुलगा वेल्डर, सून संगीता शिलाई करते. घर दोन खोल्यांचं, पक्कं. हल्केराम नऊ वर्षांपूर्वी गेले. काकांना पाहून त्या म्हणाल्या, "अरे, मुजमदार साहब! फोटू वाले! कित्ते बुढ़ा गए."

"तुम कौन सी जवान हो?" आमच्याबरोबर आलेल्या काकू म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

संगीताने चहा केला. शिवाजी नगरातल्या एका ओळखीच्यांनी टेप पेन ड्राइव्हवर उतरवून दिली होती. ती टीव्हीला लावली. पडदा ओढला, तरी खिडकीतून ऊन येत होतं.

पहिली सहा मिनिटं बदकांची आहेत. गेंदाबाई पाहत होत्या. मग हिरव्या पानांनी भरलेला तलावाचा कोपरा आला आणि माझा एकोणीस वर्षांचा आवाज म्हणाला, "पाण्यावर पसरत चाललेली ही जलपर्णी तलावाचा श्वास कोंडते आहे."

"जे का बोल रई?" गेंदाबाईंनी विचारलं.

मी हिंदीत सांगितलं. जलपर्णीला हिंदीत जलकुंभी म्हणतात.

"जलकुंभी? किते है जलकुंभी?"

"ये हरी-हरी, कोने में."

"जे तो सिंघाड़े की बेल है, बिटिया."

माहितीपट चालूच होता. होडीतून एक माणूस वाकून पाण्यात हात घालत होता. माझा आवाज सांगत होता की, जलपर्णीतून वाट काढत स्थानिक मच्छीमार पोट भरतो.

गेंदाबाई खाटेवरून उठल्या. "जे तो वे हैं," त्या म्हणाल्या. हल्केराम होते. गेंदाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. संगीताने सासऱ्यांना हलताना कधी पाहिलं नव्हतं, फक्त भिंतीवरच्या फोटोत. "बाबूजी की मूँछ थी?" ती म्हणाली.

"मछली पकड़ रहे हैं ना?" काकांनी विचारलं.

"मछली कौन पकड़ रओ, साहब? बेल पलट रए हैं. कीड़ा देख रए हैं. लाल कीड़ा लगत है पत्ता में."

काका माझ्याकडे पाहू लागले. शेवटची चार मिनिटं काय आहेत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी रिमोट हातात घेतला. तो दाबला नाही.

शेवटची चार मिनिटं श्रमदानाची आहेत. जूनमधल्या एका रविवारी वसाहतीतल्या मराठी मंडळाने तलाव स्वच्छ केला. चोवीस माणसं होती. पांढऱ्या टोप्या, दाताळी, दोऱ्या. माझे वडील पँट दुमडून पाण्यात होते. कासोटा घालून काकू होत्या. सगळ्यांनी मिळून कोपऱ्यातली सगळी वेल ओढून काठावर ढीग घातला आणि मग सामोसे खाल्ले. हे सगळं पडद्यावर आहे. निवेदन म्हणतं, "आणि माणसं पाण्यात उतरली. तलावाने मोकळा श्वास घेतला." त्या दिवशी काठावरच्या झोपड्यांत कोणी नव्हतं. कोणाची अडचण झाली नाही म्हणून आम्हाला ते बरं वाटलं होतं.

पुण्याच्या नदीत जलपर्णी असते. पाण्यावर हिरवं दिसलं की, तिकडून आलेल्या माणसाला तीच आठवते. शिंगाड्याची रोपं, म्हणजे पौध, उन्हाळ्यात तलावाच्या एका कोपऱ्यात वाढवतात आणि पाऊस लागला की मोठ्या पाण्यात लावतात, ही माहिती मला त्या शनिवारी गेंदाबाईंनी दिली. मंडळातल्या प्रत्येकाने दर हिवाळ्यात फाटकावरून शिंगाडे घेतले होते. वेल कोणी पाहिली नव्हती.

"फिर से चलाओ," गेंदाबाई म्हणाल्या.

मी तो भाग पुन्हा लावला. त्यांनी तो तिसऱ्यांदाही पाहिला. मग त्या खाटेवर बसल्या.

"उस दिन हम सब बिदिसा गए थे, बारात में," त्या म्हणाल्या. "लौटे तो पौध नहीं. पूरी साल की पौध. हम समझे, परले गाँव वालों ने उखाड़ी. पानी पे झगड़ा चलत रओ उनसे. देवर की सगाई हती उते. हमने तोड़ दी."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मी होते त्यात," त्या मराठीतच म्हणाल्या. मग हिंदीत: "बाई, वो हरी साड़ी वाली मैं हूँ."

"दिख रई हो," गेंदाबाई म्हणाल्या.

"हमको मालूम नहीं था," काका म्हणाले.

"मालूम तो हमको भी नहीं था, साहब."

काकांनी पेन ड्राइव्ह काढायला सांगितली. मला म्हणाले, "हा कोणालाच दाखवायचा नाही. फुकट नाही, विकत नाही. जाळून टाकतो टेप."

"साहब का के रए?" गेंदाबाईंनी विचारलं. काकूंनी सांगितलं.

"काए?" त्या एकदम चिडल्या. "जा में वे हैं! हमाए पास एक फोटू है, वा भी बिजली के फारम वाली. और साहब जला देंगे?" मग संगीताला: "तेरे मुबाइल में आ जाएगी?"

मी कंपनीबद्दल सांगितलं. चित्र स्वच्छ होईल, जगभर दिसेल, पण वर्गणी भरावी लागेल. काकांच्या पिशवीत फॉर्म होता, तोही दाखवला.

"मने हमको अपने आदमी को देखने के पइसा लगेंगे?"

"हर महीने," संगीता म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"तालाब हमाओ, सूरत हमाई, पौध हमाई उखाड़ी, और टिकट भी हमई कटाएँ! वाह साहब."

काकूही हसल्या. काका हसले नाहीत. ते उठून टीव्हीजवळ गेले. पेन ड्राइव्ह मी काढली नव्हती, चित्र हल्केरामांवर थांबवलं होतं. "ये लकीर देखो," ते म्हणाले. "चेहरे पर आ रही है. कंपनी साफ कर देगी. हम नहीं कर सकते."

गेंदाबाईंनी रेघ पाहिली. "हओ, लकीर तो है," त्या म्हणाल्या. "पर हम चीन्ह गए ना? पहचान गए ना?"

फॉर्मवर त्यांनी सही केली नाही. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. माहितीपट सगळ्यांना दिसावा, त्या पलीकडच्या गावालाही. आणि माझा आवाज काढावा. "तुम गलत बता रई हो. हम बताएँगे."

दुपारी संगीताने खिचडी टाकली आणि आम्ही तिथेच जेवलो. नंतर माहितीपट आवाज बंद करून पुन्हा लावला. मी मोबाइल खाटेच्या कडेवर ठेवला. गेंदाबाई बोलत गेल्या. पानाखाली हवेच्या गाठी असतात म्हणून वेल तरंगते. हातांना काटे लागतात, त्यावर हळद आणि तेल. ती बाभूळ अमक्याची. त्या बदकांना इकडे काय म्हणतात. श्रमदानाच्या भागात त्या थांबल्या. संगीता म्हणाली, "बोलो, अम्मा, रिकॉर्ड चल रओ." त्या म्हणाल्या, "जे कॉलोनी के लोग हैं. जे हमाई पौध उखाड़ रए हैं. इनको पतो नईं है."

शाहपुरा, शनिवार संध्याकाळ आणि रविवार

परत आल्यावर मी कंपनीला फोन केला. निवेदन बदलता येईल का, असं विचारलं. फोनवरच्या बाईंनी सांगितलं की, त्यांना मूळ माहितीपट जसाच्या तसा हवा आहे. जुना आवाज हेच त्याचं आकर्षण आहे. खाली खुलासा देता येईल. ज्यांचं चित्रण आहे त्यांना फुकट पाहता येईल का, हेही विचारलं. एका घरासाठी सोय होऊ शकेल, असं त्या म्हणाल्या. गावासाठी नाही.

काका गॅलरीत बसून होते. शाहपुऱ्याच्या तलावाच्या बाजूने वारा येत होता. काकूंनी दाल-बाफले केले होते, ते काकांनी अर्धे ठेवले.

रविवारी सकाळी ते टेबलाशी बसले आणि कंपनीला पत्र लिहू लागले. आधी कच्चं, मग पक्कं. कच्चं त्यांनी वाचून दाखवलं: "आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही, असे सखेद कळवितो."

"सखेद कशाला?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "इतका खेद असेल तर सही करा."

"खेद आहेच," काका म्हणाले.

"मग राहू द्या."

त्यांनी शब्द राहू दिला. पक्कं लिहिलं, सही केली, खाली निवृत्तीपूर्वीचा हुद्दा लिहिला आणि पाकिटाला गोंद लावला. स्टेशनला निघताना ते पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं. शनिवारी परतताना वसाहतीच्या फाटकावर घेतलेले उकडलेले शिंगाडे काकूंनी वाटेत खायला बांधून दिले होते. काकांनी शुक्रवारी सहा खाल्ल्याचं त्यांना शिंगाडेवाल्यानेच सांगितलं होतं.

पुणे

पत्र सोमवारी टाकलं. कंपनीची पोच आठवड्याने आली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माहितीपट इंटरनेटवर ठेवण्यात आला. तो पाहायला वर्गणी लागत नाही. निवेदन हिंदीत आहे, गेंदाबाई रायकवार यांचं. माझं मराठी निवेदन वेगळं दिलं आहे, त्यातल्या चुकांच्या यादीसह. बुरशीच्या रेघा तशाच आहेत. श्रमदानाचा भाग चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे. तो कापलेला नाही.

संगीताने त्याची लिंक पलीकडच्या गावात पाठवली, ज्या घरची सोयरीक मोडली होती त्या घरी. त्यांनी ती उघडली आहे. हा मजकूर देईपर्यंत उत्तर आलेलं नाही.